सरकता पट्टा आणि मोकळा रस्ता : नवशिक्या धावपटूपुढील एका प्रश्नाची ऐतिहासिक मीमांसा

१

धावण्याचा व्यायाम नव्याने आरंभणाऱ्या व्यक्तीपुढे आज एक प्रश्न हटकून उभा राहतो. व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर, म्हणजे विजेच्या बळावर सरकणाऱ्या पट्ट्यावर, धावावे की मोकळ्या रस्त्यावर अथवा मैदानावर धावावे? आणि दोन्ही करावयाचे झाल्यास त्यांचे परस्परांशी प्रमाण काय असावे? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः सोयीच्या दृष्टीने दिले जाते. पाऊस असेल तर पट्टा, हवा चांगली असेल तर रस्ता, असा व्यवहारी निवाडा करून बहुतेक जण मोकळे होतात. काहींचा पक्ष याहून आग्रही असतो. पट्ट्यावरचे धावणे हे खरे धावणेच नव्हे, असे एका बाजूचे म्हणणे. तर रस्त्यावर धावून गुडघे झिजविण्यापेक्षा पट्टा बरा, असे दुसऱ्या बाजूचे.

वस्तुतः हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. पट्टा आणि रस्ता यांच्यामागे दोन निरनिराळ्या परंपरा उभ्या आहेत. ट्रेडमिलचा इतिहास हा प्रामुख्याने मनुष्याचे श्रम बाहेरून मोजण्याचा इतिहास आहे. हौशी मैदानी धावण्याचा इतिहास हा धावणाऱ्याने आपले श्रम आपणच ओळखण्याचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन परंपरा एकमेकींना येऊन मिळाल्या आणि त्यांच्या संगमावर आजचा नवशिका उभा आहे. त्याला कोणत्या परंपरेकडून काय घेता येण्याजोगे आहे, हे पाहिल्यावाचून वरील प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळणे कठीण आहे.

२

ट्रेडमिल या शब्दाचा आरंभीचा संबंध व्यायामाशी नसून शिक्षेशी आहे. इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्यूबिट (१७८५–१८६१) याने तुरुंगातील कैद्यांना कामास लावण्यासाठी १८१८ च्या सुमारास एक पायचक्र योजिले. आडव्या आसाभोवती फिरणाऱ्या लांबट चक्राच्या परिघावर पायऱ्या बसविलेल्या असत. कैद्यांनी समोरचा दांडा धरून एका ओळीत उभे राहावे आणि पायाखाली सरकणाऱ्या पायऱ्या अखंड चढत राहावे, अशी ती योजना होती. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असे चक्र बसले आणि तेथून त्याचा प्रसार झपाट्याने झाला. काही ठिकाणी त्यावर धान्य दळले जाई. काही ठिकाणी मात्र त्यातून काहीच निष्पन्न होत नसे, केवळ हवा कापली जाई.

या चक्राचे प्रशासनाला वाटणारे आकर्षण त्याच्या मोजणीयोग्यतेत होते. चक्राचा वेग, पायरीची उंची आणि कामाचे तास ठाऊक असले की कैदी दिवसाला किती फूट चढला हे आकड्यात सांगता येई. कैद्याच्या इच्छेचा अथवा आळसाचा त्यात प्रश्नच उरत नसे, कारण चक्र थांबत नसे. न्यूयॉर्क शहरातील तुरुंगातही १८२२ मध्ये असे यंत्र आले. तेथील जेम्स हार्डी याने १८२४ मध्ये या यंत्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने नोंदविलेले निरीक्षण मार्मिक आहे : कैद्यांना धाक वाटे तो श्रमाच्या कठोरपणाचा नव्हे, तर त्याच्या एकसुरी सातत्याचा. इंग्लंडमध्येही विरोध झाला. सर जॉन कॉक्स हिपिस्ली याने १८२३ मध्ये या चक्राविरुद्ध सविस्तर आक्षेप प्रसिद्ध केले. तथापि चक्र टिकले. १८९५ मध्ये सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही त्यावर चढावे लागले. १८९८ च्या कारागृह कायद्यानंतर मात्र ब्रिटनमधील तुरुंगांतून ते क्रमशः नाहीसे झाले.

तुरुंगातील हे चक्र आणि आजचा पट्टा यांची यंत्ररचना एक नाही, हे उघड आहे. पहिल्यात मनुष्य चक्र फिरवितो, दुसऱ्यात यंत्र पट्टा फिरविते. त्यामुळे एकातून दुसरे सरळ उत्क्रांत झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दोहोंमध्ये एक दुवा निश्चित आहे आणि तो शरीरशास्त्राच्या मार्गाने जातो. एडवर्ड स्मिथ (१८१९–१८७४) या इंग्रज वैद्याने १८५० नंतरच्या दशकात पायचक्रावरील श्रमाचा श्वसनावर होणारा परिणाम तपासला. तो स्वतः चक्रावर चढला आणि कैद्यांवरही त्याने प्रयोग केले. श्रमाबरोबर उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड अतिशय वाढतो, परंतु शरीराबाहेर पडणारा नायट्रोजन त्या मानाने वाढत नाही, असे त्याला आढळले. स्नायू काम करताना प्रथिनेच जाळतात, हे लीबिगचे तत्कालीन मत त्यामुळे डळमळीत झाले. शिक्षेचे यंत्र येथे प्रथमच ज्ञानाचे साधन झाले आणि त्याचे कारण पुन्हा तेच होते : त्यावरील श्रम मोजता येत होते.

३

खऱ्या अर्थाने सरकता पट्टा प्रयोगशाळेत आला तो जर्मनीत. बर्लिनच्या कृषी महाविद्यालयातील शरीरशास्त्रज्ञ नाथान झुंट्स (१८४७–१९२०) याने १८८९ मध्ये घोड्यांच्या चयापचयाच्या अभ्यासासाठी पट्ट्याचे यंत्र उभारले. प्राणी एकाच जागी राहून चालत असल्याने त्याचा श्वास नळ्यांवाटे गोळा करणे शक्य झाले. येथे पट्ट्याचे मूळ प्रयोजन स्पष्ट दिसते. धावणारा दूर जाऊ नये, मापनयंत्राजवळच राहावा, यासाठी जमीन सरकविण्यात आली.

याच झुंट्सचे दुसरे कार्य तितकेच लक्षणीय आहे. प्रयोगशाळेतील मापन पर्वतावरील चालण्यास जसेच्या तसे लागू पडेल, असे त्याने गृहीत धरले नाही. पाठीवर बांधता येईल असे वायुमापक त्याने तयार केले आणि आल्प्स पर्वतात ते स्वतः वापरले. उंचीवरील हवामान व गिर्यारोहण यांविषयीचा त्याचा व त्याच्या सहकाऱ्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा बांधणाराच पट्ट्याच्या मर्यादा जाणून बाहेर पडला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हे दोन मार्ग अधिक ठळक झाले. मँचेस्टर येथे ए. व्ही. हिल याने गवताच्या धावमार्गावर, पाठीवर वायुसंग्राहक पिशवी बांधून, धावण्याच्या वेगानुसार प्राणवायूची गरज कशी वाढते ते मोजले. तो स्वतः धावणारा होता आणि आपल्या प्रयोगाचा विषयही होता. उलट अमेरिकेत १९२७ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड फटीग लॅबोरेटरीत पट्टा हेच मुख्य साधन ठरले. डेव्हिड ब्रूस डिल आणि त्याचे सहकारी यांनी बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणाऱ्या क्लॅरेन्स डीमार याला तेथे धावविले. सामान्य मनुष्याच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल ज्या वेगास भराभर वाढते, त्या वेगास डीमारच्या रक्तात ते विश्रांतीच्या पातळीच्या आसपासच राहते, असे दिसून आले. डीमारने आपले सामर्थ्य रस्त्यावर कमावले होते. पट्ट्याने ते दाखवून दिले. ही प्रयोगशाळा १९४७ मध्ये बंद झाली.

यानंतर पट्टा रुग्णालयात शिरला. सिअ‍ॅटल येथील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस याने पट्ट्यावरील हृदयपरीक्षेची पद्धत बसविली आणि १९६३ मध्ये ती निश्चित रूपात मांडली. दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढवावयाचे, हे तिचे सूत्र आहे. पहिली पायरी ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाची आणि १० टक्के चढाची असते. तुरुंग, प्रयोगशाळा आणि रुग्णालय या तीनही ठिकाणी यंत्राचे कार्य एकच होते. वेग बाहेरचा कोणी ठरवीत असे आणि पट्ट्यावरच्या मनुष्याने त्याला प्रतिसाद द्यावयाचा असे.

४

हौशी मैदानी धावण्याची आधुनिक चळवळ उगम पावली ती याहून अगदी वेगळ्या वातावरणात. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील आर्थर लिडियर्ड हा आरंभी पादत्राणांच्या कारखान्यात काम करणारा मनुष्य. दीर्घ अंतराची संथ धाव हाच सर्व धावण्याचा पाया, हे तत्त्व त्याने प्रथम स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिले. वाइटाकेरे डोंगररांगांतील २२ मैलांच्या चढउताराच्या मार्गावर तयार झालेले त्याचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅल्बर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनुक्रमे ८०० आणि ५००० मीटर शर्यतींत सुवर्णपदके मिळविली, आणि तीही एकाच दिवशी.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लिडियर्डचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे. मध्यमवयीन, स्थूल आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांनाही त्याने हळूहळू धावावयास लाविले. १९६२ मध्ये ऑकलंड येथे अशा लोकांचे मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बाउअरमन तेथे गेला. त्या मंडळींबरोबर धावताना, सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका सभासदाबरोबर राहणेही आपणास जड जाते, असा अनुभव त्याला आला. मायदेशी परतल्यावर त्याने युजीन गावात १९६३ मध्ये सामान्य नागरिकांसाठी असाच उपक्रम आरंभिला आणि हृदयरोगतज्ज्ञ डब्ल्यू. ई. हॅरिस याच्या सहकार्याने १९६७ मध्ये ‘जॉगिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

या परंपरेतील मानदंड घड्याळ अथवा वेगमापक हा नव्हता. बरोबरच्याशी बोलता येईल इतपतच वेगाने धावावे, दम लागून बोलणे खुंटले की पाऊल आवरावे, हा तिचा साधा नियम होता. मोजणारा आणि मोजला जाणारा येथे एकच होता. नवशिक्याला येथे मिळणारे शिक्षण मुख्यतः हेच, की आपल्या श्वासावरून आपला वेग ठरवावा.

दोन्ही परंपरांचा संगम घडविला तो केनेथ कूपर याच्या १९६८ मधील ‘एरोबिक्स’ या पुस्तकाने. अमेरिकन हवाई दलातील या वैद्याने धावणे, पोहणे, सायकल चालविणे अशा सर्व व्यायामांना गुण लाविले आणि बारा मिनिटांत किती अंतर काटले यावरून क्षमता ठरविण्याची कसोटी दिली. प्रयोगशाळेतील मापन त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती आले. या पुस्तकाने प्रभावित झालेला न्यू जर्सीचा अभियंता विल्यम स्टॉब याने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घरात ठेवता येईल असे, तुलनेने स्वस्त, पट्ट्याचे यंत्र तयार केले. स्टॉब १९१५ च्या सुमारास जन्मला आणि २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, निधन पावला. तोवर त्याचे यंत्र जगभरच्या व्यायामशाळांत रूढ झालेले होते. मात्र एक मूलभूत बदल घडला होता. वेगाची कळ आता पट्ट्यावरच्या मनुष्याच्याच हाती आली होती.

५

यंत्र घरोघर जाऊ लागले तेव्हाच, त्यावरचे धावणे आणि जमिनीवरचे धावणे एक आहे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी हाती घेतला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू याने १९७० व १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हवेच्या विरोधाचा हिशेब मांडला. पट्ट्यावर धावणारा हवा कापीत पुढे जात नाही, रस्त्यावरचा जातो. मध्यम अंतराच्या शर्यतीच्या वेगास, म्हणजे सेकंदाला सुमारे ६ मीटर, या विरोधापायी एकूण शक्तीपैकी सुमारे साडेसात टक्के खर्च होते, असे त्याने दाखविले.

पट्टा पाय मागे ओढतो म्हणून त्यावर धावणे सोपे, ही समजूत पुष्कळ रूढ आहे. डच संशोधक व्हान इन्गेन स्केनाउ याने १९८० मध्ये तिचे खंडन केले. पट्ट्याचा वेग स्थिर असेल तर सरकत्या पट्ट्याच्या संदर्भात पाहिलेले धावणे आणि स्थिर जमिनीच्या संदर्भात पाहिलेले धावणे यांत, हवेचा विरोध वगळता, यांत्रिक भेद उरत नाही. संथ वाहणाऱ्या नौकेवर चालणाऱ्याला जमिनीवरच्यापेक्षा अधिक अथवा कमी श्रम पडत नाहीत, तसेच हे आहे. अर्थात हे स्थिर वेग गृहीत धरून. दुबळ्या यंत्राचा पट्टा पाऊल पडताच क्षणभर मंदावतो, आणि तेवढ्यापुरता हा सिद्धान्त अपुरा पडतो.

१९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी नऊ सराईत धावपटूंवर प्रयोग करून पट्ट्याला १ टक्का चढ दिल्यास श्रम रस्त्याइतके होतात, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष पुढे नियम म्हणून सर्वत्र सांगितला जाऊ लागला. परंतु त्याची मर्यादा बहुधा सांगितली जात नाही. त्यांच्या प्रयोगातील सर्वांत मंद वेग ताशी सुमारे १०.५ किलोमीटर होता, आणि ताशी १२ किलोमीटरपर्यंत सपाट पट्टा व रस्ता यांतील फरक लक्षणीय आढळला नव्हता. नवशिका बहुधा याहूनही सावकाश धावतो. तेव्हा त्याच्यापुरता एक टक्का चढाचा आग्रह निराधार ठरतो.

प्राणवायूच्या हिशेबात दोन्ही धावणी जवळजवळ सारखी ठरली, तरी शरीराच्या इतर व्यवहारांत ती तशी नाहीत. निग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले की पट्ट्यावर पाऊल अधिक सपाट टेकविण्याकडे धावणाऱ्यांचा कल असतो. २०१२ मधील एका अभ्यासात, जमिनीवरच्याइतकाच वेग वाटेल असा वेग पट्ट्यावर निवडण्यास सांगितले असता धावपटूंनी प्रत्यक्षात मंद वेग निवडला. डोळ्यांपुढून देखावा सरकत नसल्याने वेगाची जाणीव फसते, असा त्याचा अर्थ लाविता येतो. बंद खोलीत धावताना समोरून वारा लागत नाही. घाम सुकत नाही आणि अंग अधिक तापते. पट्ट्याची सवय होण्यास प्रथमच धावणाऱ्याला सुमारे सहा मिनिटे लागतात, असे २००५ मधील एका प्रयोगात आढळले.

नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय निष्कर्ष मात्र २००३ मधील आहे. मिल्ग्रोम आणि त्याच्या इस्राएली सहकाऱ्यांनी तीन व्यक्तींच्या नडगीच्या हाडातच ताणमापक बसवून मोजमाप केले. जमिनीवर धावताना हाडावर पडणारा ताण पट्ट्यावरच्यापेक्षा पुष्कळच अधिक भरला. प्रयोगविषय तीनच असल्याने आकड्यांवर फार भार देणे योग्य नाही. परंतु संशोधकांनी काढलेला दुहेरी निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पट्ट्यावर धावणाऱ्याला हाड चिरण्याचा धोका कमी. आणि त्याच कारणाने त्याचे हाड जमिनीसाठी बळकट होण्याचा संभवही कमी.

येथे या प्रश्नातील खरा धोका उघड होतो. काही महिने केवळ पट्ट्यावर धावलेल्या मनुष्याचे हृदय व फुप्फुसे तयार झालेली असतात. अर्धा तास धावणे त्याला सहज जमते. तो तेवढाच अर्धा तास एके दिवशी डांबरी रस्त्यावर धावतो. दम पुरतो, म्हणून तो थांबत नाही. पण हाड आणि कंडरा यांची तयारी दमाच्या मागे राहिलेली असते. दोन्ही ठिकाणचा प्राणवायूचा हिशेब एक, यावरून दोन्ही ठिकाणचे धावणेच एक, असे मानल्याचा हा परिणाम होय.

६

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप काहीसे विशिष्ट आहे. येथील धावण्याची जुनी परंपरा सर्वस्वी जमिनीवरची. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी वर्गातील धावपटू पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्या पिढीपुढे पट्टा की रस्ता हा प्रश्नच नव्हता. १९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि २००४ पासूनची मुंबई मॅरेथॉन यांनी शहरातील नोकरदार वर्ग धावू लागला, आणि त्याला तो प्रश्न पडला. जून ते सप्टेंबर कोकणात व मुंबईत पाऊस रस्ता अडवितो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात ऊन अडविते. अशा वेळी पट्ट्याचा आधार अनिवार्य होतो. परंतु येथील मोठ्या शर्यती पावसाळा सरल्यावर होतात, आणि चार महिने पट्ट्यावर काढलेला नवशिका नेमका त्याच सुमारास रस्त्यावर उतरतो. वर सांगितलेला धोका येथे ऋतुचक्रातच गोवलेला आहे.

यावरून निघणारा व्यवहारी निष्कर्ष साधा आहे. पट्टा आणि रस्ता यांतील एकाची निवड करावयाची नसून, प्रत्येकाकडून त्याचे जे द्यावयाचे ते घ्यावयाचे आहे. ठरीव वेग, ठरीव चढ आणि हवे तेव्हा थांबण्याची सोय ही पट्ट्याची देणगी. चालणे व धावणे आलटून पालटून करणाऱ्या अगदी नव्या माणसाला, तसेच आजारातून उठलेल्याला, ती मोलाची आहे. हाडांची कसदारी, वळणे व चढउतार यांची सवय, आणि श्वासावरून वेग ओळखण्याची कला ही रस्त्याची देणगी. आठवड्यातून तीनदा धावणाऱ्याने आरंभापासूनच निदान एक धाव, मग ती कितीही छोटी असो, जमिनीवर ठेवणे इष्ट. पावसाळ्यानंतर रस्त्यावर येताना पट्ट्यावरील अंतर जसेच्या तसे न उचलता, त्याच्या अल्प अंशापासून आरंभ करून काही आठवड्यांत ते वाढवावे. शर्यत रस्त्यावर धावावयाची असेल तर शेवटचे दोन महिने रस्त्याचा वाटा मोठा असावा. पट्ट्यावर असतानाही मधूनमधून वेगमापकावरून दृष्टी काढून, बोलता येते की नाही हे पाहावे. ऑकलंडच्या मंडळींची कसोटी पट्ट्यावरही तितकीच लागू पडते.

क्यूबिटच्या चक्रावर चढणाऱ्या कैद्याला वेग ठरविण्याचा अधिकार नव्हता. हार्वर्डच्या पट्ट्यावर धावणाऱ्या डीमारलाही, प्रयोगापुरता का होईना, तो नव्हता. आजच्या नवशिक्याला तो आहे. परंतु आपल्या शरीराची ओळख नसेल तर हाती आलेली कळ तो आकड्यांच्या हवाली करतो. झुंट्सने आपले मापक पाठीवर घेऊन पर्वताची वाट धरली, कारण पट्ट्यावरचे उत्तर तेथे पुन्हा तपासून पाहणे त्याला आवश्यक वाटले. पट्ट्यावर शिकलेले रस्त्यावर तपासावे आणि रस्त्यावर उमजलेले पट्ट्यावर मोजून पाहावे, हाच या दोन परंपरांचा नवशिक्यासाठी योग्य मेळ म्हणता येईल.